१०-१८ एमएम वाईड लेन्सला कुठला फिल्टर घ्यावा? सीपीएल लावला की आकाशात काळा पट्टा यायलाय

कडक_भाकरी:
नमस्कार मंडळी. सोलापूरचा आहे, कॅमेरा कॅनन २००डी, किटची १८-५५ होतीच, आता सेकंडहँड १०-१८ मिळाली म्हणून घेऊन टाकली. लेन्स लई आवडली, भुईकोट किल्ल्याची तटबंदी एका फ्रेममध्ये मावायली बघून खूश झालो. आता गाडी फिल्टरवर अडकलीय. दुकानदार म्हणतो वाईडला फिल्टर पाहिजेतच, ६७ एमएम व्यासाचा कॉम्बो देतो, त्यात यूव्ही (अतिनील किरण अडवणारा), सीपीएल (फिरवून चमक कमी करायचा पोलरायझर) आणि आत येणारा उजेड फिरवून कमीजास्त करायचा व्हेरिएबल एनडी, तिन्ही मिळून स्वस्तात बसतंय. मी म्हटलं थांबा जरा, आधी विचारून येतो.

मित्राकडनं त्याचा सीपीएल मागून आणला. लेन्सवर आधीच्या मालकानं यूव्ही लावलेलाच होता, त्याच्यावरच हा चढवला आणि संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्यावर गेलो. पाठीमागच्या स्क्रीनवर भारी दिसलं, घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर आकाशात मधोमध गडद निळा, जवळपास काळाच पट्टा उभा आणि दोन्हीकडं फिकट. चारी कोपरे काळे. आणि पाण्यात लांब देवळाचं प्रतिबिंब छान आलंय पण पायाजवळचं पाणी एकदम मेलेलं, खालचं शेवाळ दिसायलंय. मित्र म्हणतो माझ्या १८-५५ वर असलं काही होत नाही, तुझ्या लेन्समध्येच लोचा असेल.

फिल्टर खराब आहे का लेन्स? आणि पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात जायचंय, तिथला नर-मादी धबधबा चालू झाला की ते रेशमासारखं पाणी काढायचंय, त्याला कॉम्बोतला एनडी चालेल का? बजेट फार नाही, पण एकदाच घ्यायचं आणि नीट घ्यायचं असं ठरवलंय.

भुईकोट_बुरूज:
लेन्स चांगली आहे, फिल्टर पण बहुतेक चांगलाच आहे. पट्टा आकाशातच असतो, सीपीएल तो फक्त दाखवतो.

नीट सांगतो. निळ्या आकाशाचा प्रकाश सगळीकडं सारखा पोलराइज झालेला, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा नसतो. सूर्यापासून ९० अंशावर सगळ्यात जास्त, सूर्याजवळ आणि सूर्याच्या बरोब्बर उलट बाजूला जवळपास नाहीच. हाताचं पिस्तूल कर, तर्जनी सूर्याकडं धर आणि मनगट फिरव, अंगठा जिथनं जिथनं जाईल तिथं आकाश सगळ्यात गडद होणार. आता तुझी लेन्स बघ, १० एमएमला २००डीवर आडवं साधारण ९६ अंश दिसतं. म्हणजे एका फ्रेममध्ये तू गडद भाग पण घेतोस आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा फिकट भाग पण घेतोस. मित्राची १८ एमएमपासून सुरू होते, तिथं आडवे साधारण ६४ अंशच मिळतात, त्यामुळं फरक डोळ्यात येत नाही एवढंच. पट्टा त्याच्याकडं पण आहे, त्याला सांग निळ्या आकाशाचे १८ वरचे फोटो नीट बघायला.

आणि तू गेलास संध्याकाळी. सूर्य पश्चिमेला खाली असला की तो पट्टा उत्तरेकडनं उठून डोक्यावरनं दक्षिणेकडं जातो. तू उत्तरेला नाहीतर दक्षिणेला तोंड करून उभा असणार, पट्टा बरोब्बर मधोमध उभा. सूर्य डोक्यावर असला की हाच पट्टा आडवा होऊन क्षितिजाभोवती फिरतो आणि आकाश डावीकडनं उजवीकडं सारखं येतं. आपल्याकडं मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, तेव्हा वाईडवर सीपीएल सगळ्यात गुणी वागेल. फक्त त्या ४३ डिग्रीत दुपारी साडेबाराला तळ्यावर जाणार कोण हा प्रश्न राहतोच.

पाण्याचं पण गणितच आहे. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशाचा कोन करून बघितलं की त्यावरची चमक सीपीएल जवळजवळ पूर्ण खातो. कॅमेरा सरळ धरून १० एमएमला फोटो काढलास की फ्रेमची खालची कड बरोब्बर ३७ अंशाच्या आसपास खाली बघत असते. म्हणून पायाजवळचं प्रतिबिंब गेलं, तळाचं शेवाळ वर आलं, आणि लांबचं पाणी तू अगदी तिरपं बघतोस म्हणून देऊळ तसंच राहिलं. प्रतिबिंबाचा फोटो काढायचाय ना, मग सीपीएल काढून खिशात ठेव. सिद्धेश्वर तळ्याची अर्धी मजा त्या प्रतिबिंबात आहे, ती मारायला पैसे कशाला घालायचे?

कोपरे काळे येण्याचं कारण तर तूच लिहिलंयस, यूव्हीच्या वर सीपीएल. दोन रिंगांची जाडी एकावर एक चढली आणि १० एमएमला ती कड फ्रेममध्ये आली. यूव्ही काढ, एकटा सीपीएल लाव, पांढऱ्या भिंतीसमोर इन्फिनिटी फोकस (अगदी लांबचा) आणि एफ/१६, म्हणजे अपर्चर (लेन्समधलं छिद्र) बारीक ठेवून एक फोटो काढ. तरी काळं दिसलं तर रिंग जाड आहे, स्लिम लागेल. हे मोठ्या अपर्चरला तपासू नको, तिथं लेन्सचं स्वतःचं कोपरे काळवंडणं मिसळतं आणि खरं काय ते कळत नाही.

सातरस्ता_सर्किट:
काय बे एवढं गणित, त्याला फोटो काढायचाय का एमपीएससी द्यायचीय 😄 भावा कायपण घेऊ नको. लाईटरूम उघड, सिलेक्ट स्काय कर, निळा खाली ओढ, झालं. पट्टा नाही, काळे कोपरे नाहीत, पैसे पण वाचले. त्या पैशात डिसेंबरात हुरडा पार्टी कर आणि आम्हाला बोलव. मी सगळे फिल्टर विकून टाकले, कुणाचं काही अडलं नाही.

भुईकोट_बुरूज:
आकाशापुरतं तुझं बरोबर आहे सर्किट, मी पण वाईडवर आकाशासाठी सीपीएल लावतच नाही, घरी येऊन गडद करतो. पण ओल्या पानावरची पांढरी चमक लाईटरूममध्ये कशी काढणार? चमकेखाली झाकलेला हिरवा रंग सेन्सरवर पोचलाच नाही, सॉफ्टवेअर तो कुठनं आणणार? पावसाळ्यात काळा दगड, शेवाळ, ओली पानं, पाऊस पडून गेल्यावरचा डांबरी रस्ता, इथं सीपीएलला पर्याय नाही. आणि ढगाळ आकाश असलं की पट्ट्याची भानगड पण नाही, कारण ढगातनं येणारा उजेड विस्कटलेला असतो. म्हणजे नळदुर्गला तो लागणारच आहे.

एक लक्षात ठेव, धातूवरची चमक जात नाही. गाडीच्या काचेवरची जाईल, स्टीलच्या कळशीवरची नाही.

आणि निळ्या आकाशात लावायचाच असला तर पूर्ण ताकदीवर फिरवू नको, निम्म्यावर सोडून दे, किंवा लेन्स १६-१८ वर आण, किंवा फ्रेममध्ये वरनं लिंबाच्या फांद्या नाहीतर कमान घे म्हणजे सलग आकाशच उरत नाही. सूर्य पाठीशी असला की असर इतका कमी होतो की लावला न लावला सारखंच, उगीच दीड-दोन स्टॉप उजेड मात्र जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

नवीपेठ_ताई:
मी लग्नं आणि देवळं दोन्ही करते, माझं यूव्हीबद्दल वेगळं म्हणणं आहे म्हणून लिहिते.

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे अल्ट्राव्हायोलेट आणि इन्फ्रारेड अडवणारी काच कंपनीनंच बसवलेली असते. यूव्ही फिल्टरनं फोटो चांगला येतो वगैरे फिल्मच्या जमान्यातलं आहे, आता तो फक्त राखणीसाठी. आणि राखण पण कधी लागते ते बघून लावायचा. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम जोरात चाललंय, गुलाल उडतोय, तिथं मी डोळे झाकून लावते. बाळे, जेजुरी, जिथं भंडारा उधळतात तिथं लावते. आषाढीला पंढरपूरला पाऊस आणि चिखल, तिथं लावते. बाकी वेळी लेन्सचं हूड बरं.

पण गड्डा यात्रेत रात्री? अजिबात नाही. देवळावरची रोषणाई, दुकानांचे बल्ब, पाळण्याचे दिवे, सगळे फ्रेममध्ये येतात, वाईडला तर येणारच. प्रत्येक झगझगीत दिव्याचा एक हिरवट ठिपका फ्रेमच्या बरोब्बर उलट बाजूला, अंधाऱ्या आकाशात उमटतो. सेन्सरवरनं परत गेलेला उजेड त्या सपाट काचेला आपटून पुन्हा आत येतो. नंदीध्वजाची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, एवढं सगळं जमून आलेलं आणि वर आकाशात हिरव्या ठिपक्यांची माळ, एकेक ठिपका पुसत बसायचं. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम काढताना पण उघडी लेन्स, एफ/११, आयएसओ १००, चार-पाच सेकंद, बस्स.

कॉम्बोमधला यूव्ही कसला असतो ते दुकानातच तपासता येतं दादा. फिल्टर हातात तिरपा धर आणि छतावरच्या ट्यूबलाईटचं प्रतिबिंब त्यात बघ. पांढरं लख्ख दिसलं तर कोटिंग नाही, साधी काच आहे. हिरवट किंवा जांभळट, एकदम फिकं दिसलं तर कोटिंग आहे. एवढं एक बघितलंस तरी दुकानदार तुझ्याशी जरा वेगळं बोलायला लागतो, हा अनुभव आहे 🙂

आणि ६७ चा काहीच घेऊ नकोस. ७७ चे घे आणि ६७-७७ ची स्टेप-अप रिंग घे. तुझी किट लेन्स ५८ ची आहे, तिला ५८-७७ ची एक रिंग. रिंगा स्वस्त असतात, फिल्टर महाग. उद्या मोठी लेन्स घेतलीस तरी फिल्टर तेच, वाईडच्या बऱ्याच लेन्स ७७ च्याच आहेत. शिवाय फिल्टर लेन्सपेक्षा रुंद असला की त्याची कड बाहेर जाते, कोपरे काळे व्हायची भीती कमी. तोटा एकच, रिंग लावली की हूड बसत नाही, मग ऊन तिरपं यायला लागलं की हातानं किंवा टोपीनं आडोसा करायचा.

कडक_भाकरी:
बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. ताई, भुईकोट सर, दोघांचे आभार. (सर्किट, हुरड्याचं बघू.)

घरी भिंतीवर टेस्ट केली. यूव्ही काढला तर कोपरे जवळपास साफ झाले, १० ला अगदी टोकाला थोडं राहतंय, ११-१२ वर नाही. म्हणजे मित्राचा सीपीएल जाडच आहे. यूव्हीत ट्यूबलाईट बघितली, अशी लख्ख दिसली की दाढी करता येईल. काढून ठेवला.

अजून एक विचारायचं, सीपीएल फिरवला आणि मग फोकस केला की पुन्हा फिरवावा लागतो का? यूट्यूबवर एक जण तसं म्हणत होता. आणि नळदुर्गचा एनडीचा प्रश्न राहिलाच की.

भुईकोट_बुरूज:
१०-१८ ला नाही लागत, फोकस करताना पुढची काच फिरत नाही तिची. जुन्या १८-५५ मध्ये पुढचा भाग फोकसबरोबर फिरायचा, तो माणूस तिच्याबद्दल बोलत असणार. तुझ्या एसटीएमला तसं नाही. पण कॅमेरा आडव्याचा उभा केलास की मात्र फिरवायलाच लागतं, हे विसरतात लोक.

आता एनडी. कॉम्बोतला व्हेरिएबल एनडी वाईडला अजिबात नको. तो म्हणजे दोन पोलरायझर एकमेकांवर. एक फिरवून उजेड कमी करायचा. जास्त कमी करायला गेलं की वाईड अँगलला फ्रेमवर काळी फुली येते, मोठी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कारण कडेचे किरण तिरपे येतात आणि दोन काचांचा हिशेब तिथं बिघडतो. १० एमएमला ती लवकर येते. वर दोन काचांची जाडी, म्हणजे पुन्हा काळे कोपरे, आणि पोलरायझर असल्यानं आकाशातला तो पट्टा पण फुकट. किट लेन्सवर व्हिडिओला ठीक आहे, उन्हात १/५० शटर ठेवायला सोयीचा पडतो. वाईडला ठराविक नंबरचाच एनडी घ्यायचा.

कुठला नंबर? नळदुर्गचा हिशेब कर. पावसाळी ढगाळ दुपार, एफ/११, आयएसओ १००, साधारण १/३० मिळेल. त्याला एनडी८ लावलास, तीन स्टॉप, तर १/४ सेकंद. एनडी६४ सहा स्टॉप, २ सेकंद. एनडी१००० दहा स्टॉप, ३० सेकंद. धबधब्याला १/४ ते २ सेकंद पुष्कळ झालं, त्यात पाण्याचे धागे दिसतात, जोर कळतो. ३० सेकंद ठेवलंस तर नर-मादीच्या जागी पांढरा पडदा टांगल्यासारखं येईल, पाणी आहे का धुकं कळणार नाही. लोकांना आवडतं ते, मला नाही आवडत. एनडी१००० हिप्परग्याच्या तळ्यावर वाऱ्याच्या लाटा सपाट करायला किंवा ढग ओढायला बरा. तुला एकच घ्यायचा असेल तर एनडी६४ घे, मधला आहे, सगळीकडं थोडा थोडा चालतो. आणि सीपीएल लावलेला असताना तोच दीड-दोन स्टॉप खातो, म्हणजे नळदुर्गला नुसत्या सीपीएलवर पण १/८ च्या आसपास पोचशील, कधी कधी तेवढ्यात भागतं.

एफ/२२ वर जाऊन शटर लांबवायचा मोह होईल, करू नको. २४ मेगापिक्सलच्या क्रॉप (छोट्या) सेन्सरवर एफ/१६ पासनंच धार बोथट व्हायला लागते, आणि वाईडला छोट्या अपर्चरवर फिल्टरवरची धूळ, तुषार, बोटाचा ठसा सगळं फोटोत उतरतं. पुढच्या काचेवरचा एक थेंब १० एमएम एफ/१६ ला चांगला वाटाण्याएवढा डाग पाडतो.

विजापूररोड_५०एमएम:
नळदुर्गला अनेकदा गेलेलो आहे म्हणून थोडं जागेचं सांगतो. हैदराबाद रोडनं पंचेचाळीसेक किलोमीटर पडतं, धाराशिव जिल्हा. बोरी नदीला पाणी आलं आणि किल्ल्यातला बंधारा भरून वाहायला लागला तरच नर-मादी चालू, नाहीतर कोरड्या भिंतीचा फोटो काढून परत. जायच्या आधी कुणाला तरी विचारूनच नीघ. पाणी महाल त्या बंधाऱ्याच्या पोटातच आहे, आतल्या खिडकीतनं समोर पाणी कोसळताना दिसतं, ती फ्रेम वाईडचीच आहे, किट लेन्समध्ये मावत नाही. ट्रायपॉडबद्दल गेटवर आधी विचारून घे.

आत अंधार आणि खिडकीबाहेर लख्ख पांढरं पाणी, तिथं एनडी लावायची गरजच पडत नाही, आतल्या अंधाराच्या हिशेबानं शटर आपोआप लांबतं. दोन-तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे घे आणि घरी जोड. बाहेर मात्र तुषार सारखे काचेवर येतात, वाऱ्याचा रोख बघून उभा रहा, आणि मायक्रोफायबरचे दोन-तीन कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे ठेव. आधी ब्लोअरनं धूळ उडवायची, मग पुसायचं. सोलापुरात राहून टॉवेलचा मोह होतो, पण टॉवेलनं काच पुसू नकोस, आपला टॉवेल अंग पुसायला एक नंबर, कोटिंगला नाही.

एनडी६४ च्या पुढं गेलास की क्रम लक्षात ठेव. आधी फ्रेम लाव, फोकस कर, मग लेन्स एमएफवर (हातानं फोकस) टाक, मग फिल्टर चढव. उलटं केलंस तर अंधारात ऑटोफोकस घरघर करत बसेल. ट्रायपॉडवर आयएस (लेन्समधलं हादरे सावरणारं बटण) बंद. दोन सेकंदाचा टायमर. आणि पाठीमागच्या व्ह्यूफाइंडरमधनं उजेड आत शिरतो, मोठ्या एक्स्पोजरला फोटोवर जांभळट पट्टे येतात, तो व्ह्यूफाइंडर झाक. कॅननच्या गळ्यात अडकवायच्या पट्ट्यावरच त्याच्यासाठी रबराचं छोटं झाकण दिलेलं असतं, लोकांना ते काय आहे तेच माहीत नसतं. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर ३० सेकंदाच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद गप्प बसतो, बिघडला म्हणून बॅटरी काढू नको.

स्वस्त एनडी रंग बदलतात, कुठला तपकिरी, कुठला निळा. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाईल) काढ, व्हाइट बॅलन्स घरी बसवता येतो. जास्त स्टॉपच्या एनडीत इन्फ्रारेड गळतं, मग सावल्या आणि काळे कपडे लालसर येतात, तसलं सुधारायला अवघड. घेताना आयआर कट (इन्फ्रारेड अडवणारा) लिहिलंय का बघ.

सातरस्ता_सर्किट:
हे बघा, चौकोनी ग्रॅड एनडीचा (वर काळा, खाली साफ) विषय कुणी काढलाच नाही अजून. माझ्याकडं होता, होल्डर, रिंग, दोन काचा, लॅबोरेटरी घेऊन फिरल्यासारखं. तोच विकला सगळ्यात आधी. कॅमेऱ्यात तीन फोटो, वजा दोन, शून्य, अधिक दोन, जोडले की संपलं. आणि आपल्याकडं क्षितिज सरळ असतंय कुठं, देवळाचं शिखर, किल्ल्याचा बुरूज, मोबाईलचा टॉवर, ग्रॅड लावला की शिखर वरनं अर्धं काळं.

विजापूररोड_५०एमएम:
गावात बरोबर आहे तुझं. पण हिप्परग्यावर किंवा उजनीच्या बॅकवॉटरला ये की, क्षितिज पट्टीनं आखल्यासारखं. तिथं पाणी हलतंय, पक्षी उडतायत, तीन फोटो जोडायला गेलं की एकाच पक्ष्याची तीन भुतं येतात. सॉफ्ट ग्रॅड दोन-तीन स्टॉपचा लावला की एका फोटोत काम होतं. फक्त वाईडला १०० एमएमची सिस्टीम लागते, ८४-८५ एमएम रुंदीचे छोटे होल्डर १० एमएमला दिसतातच कोपऱ्यात. आणि स्वस्त रेझिनच्या पट्ट्यांना ओरखडे फार लवकर पडतात.

पण मी कडक_भाकरीला आत्ता घे म्हणणार नाही. आधी ब्रॅकेटिंग (सर्किटचे ते तीन फोटो) करून बघ, वर्षभरात कळेल तुला ग्रॅड लागतो का नाही.

नवीपेठ_ताई:
सहमत. आणि हत्तरसंग कुडलला गेलास, भीमा-सीनेच्या संगमावर, तर देवळाच्या आत कुठलाच फिल्टर नको. आत उजेड कमी असतो, सीपीएलनं अजून दोन स्टॉप खाल्ले की आयएसओ वर चढतो. दगडावर तेलाची चमक फारच त्रास द्यायला लागली तर ट्रायपॉडवर एखादा फोटो सीपीएलनं घ्यायचा, बाकी उघड्या लेन्सनं.

अजून एक सुरक्षेचं, कुणीतरी सांगायलाच हवं. एनडी१००० लावून व्ह्यूफाइंडरमधनं सूर्याकडं बघायचं नाही. काळी काच दिसते म्हणून माणसाला वाटतं चालतंय, पण त्यातनं इन्फ्रारेड येतं आणि डोळा जायला वेळ लागत नाही. सूर्यासाठीचे फिल्टर वेगळे असतात, कित्येक पट जास्त काळे.

कडक_भाकरी:
नोंद घेतली ताई.

मध्येच एक भानगड झाली. मित्राचा सीपीएल लेन्सवर अडकलाय. गाडीच्या डिकीत होता, दुपारचं ऊन, बाहेर काढला तर फिरता भाग फिरायलाय पण पूर्ण फिल्टर निघायला तयार नाही. पक्कड लावू का? मित्र उद्या मागायलाय.

भुईकोट_बुरूज:
पक्कड लावलीस तर मित्र आणि लेन्स दोन्ही जातील.

आधी लेन्स गार होऊ दे, पंख्याखाली अर्धा तास, फ्रिजमध्ये नको, दव धरतं. मग बघ, तू जोरात पकडतोयस म्हणून रिंग लंबगोल दबते आणि आटे आणखी घट्ट धरतात, चिमटीत दाबायचंच नाही. रबरी स्लीपर धुवून कोरडी कर, उलटी ठेव, लेन्सचं तोंड तिच्यावर सपाट टेकव, काचेला नाही, फक्त कडेला दाब आला पाहिजे, आणि हलकेच दाबून लेन्स फिरव. सीपीएलला पुढचा भाग मोकळा फिरतो म्हणून हे कधी कधी फसतं, मग मागच्या बारीक रिंगेला रुंद रबरबँड दोन पदरी गुंडाळ आणि बोटांच्या टोकांनी चारी बाजूंनी सारखं धरून फिरव. ॲल्युमिनियमच्या रिंगा अशा अडकतात, पितळेच्या कमी अडकतात, म्हणून पितळेच्या महाग.

पुढच्या वेळी चढवताना आधी उलटा फिरव, आटा बसल्याचा टक् असा बारीक आवाज येतो, मग सुलटा, आणि शेवटी जोर लावायचा नाही, टेकला की सोडून द्यायचं.

कडक_भाकरी:
निघाला! स्लीपरनं नाही, रबरबँडनं. भाजीच्या जुडीचा होता. घरच्यांनी मला लेन्स स्लीपरवर घासताना बघितलं, आता घरात माझी वेगळीच चर्चा चालूय.

असो. तर ठरवलंय असं की कॉम्बो कॅन्सल. ७७ चा स्लिम सीपीएल कोटिंगवाला एक, ७७ चा एनडी६४ एक, आणि दोन रिंगा. ब्रँड होया, निसी, के अँड एफ यातला जो बजेटमध्ये बसेल तो. यूव्ही आत्ता नाही, गणपतीच्या आधी बघतो. सीपीएल आणि एनडी एकावर एक लावायची वेळ आली तर १० ला काळं येईल ना?

विजापूररोड_५०एमएम:
७७ चे आहेत म्हणून कमी येईल, पण १० ला थोडं धरूनच चाल. १२ वर ये, नाहीतर १० लाच काढून कडा काप. क्रम असा ठेव, एनडी आत, सीपीएल बाहेर, म्हणजे फिरवता येतो.

नवीपेठ_ताई:
रिंग मागवताना आकडे नीट वाच. पहिला आकडा लेन्सचा, दुसरा फिल्टरचा. तुला ६७-७७ आणि ५८-७७ पाहिजे. ७७-६७ लिहिलेली आली तर परत कर, ती स्टेप-डाऊन, तुझ्या लेन्सवर बसणारच नाही.